निर्वासितांची मुले आणि सेवेला निघालेला तरुण

(असोदा, जि. जळगाव येथे युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १८८० साली त्या ह्या गावात जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावला गेल्या. माहेर व सासर यांच्यातील अंतर पायी तुडवता येण्याजोगे; तरीही माहेरच्या ओढीने त्यांच्या काव्यात केवढी जागा व्यापली आहे, हे ह्या गावातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. जिला सणावाराला माहेरी येता येते त्या लेकीची ओढ एवढी. मग ज्या मुलाचे घर जाळले गेले, ज्याच्या गावी परतण्याची वाटच बंद झाली आणि आपण कोणत्या देशाचे हेही ज्याला धड सांगता येत नाही, त्या मुलाच्या मनाची अवस्था काय होत असेल? आजच्या विषयाचा विचार असोद्यात बसून करावयाचा, तर ह्याच प्रश्नापासून आरंभ करणे उचित ठरेल.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक संस्थेने केलेल्या मोजणीप्रमाणे २०२४ अखेर युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घर सोडावे लागलेल्या माणसांची संख्या १२ कोटी ३२ लाख होती. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती. म्हणजे एका अख्ख्या महाराष्ट्राहून अधिक माणसे बेघर झालेली; आणि त्यांत दर दहांमागे चार अठरा वर्षांच्या आतील मुले. ह्यांतील निम्म्याहून अधिक लोक आपल्याच देशाच्या हद्दीत भटकत आहेत. ज्यांनी सीमा ओलांडली त्यांना आसरा दिला तोही मुख्यतः शेजारच्या गरीब व मध्यम स्थितीच्या देशांनी. निर्वासितांच्या लोंढ्याविषयी सर्वांत मोठी ओरड होते ती श्रीमंत राष्ट्रांत. ओझे मात्र बांगलादेश, युगांडा, चाड यांच्यासारखे देश वाहतात. गरिबाच्या घरी पाहुण्याला अर्धी भाकर मिळते आणि वाड्याचा दरवाजा आतून लावलेला असतो, हा खेड्यातला अनुभव जगाच्या व्यवहारातही खरा ठरावा, यात नवल नाही.

ह्या मुलांसाठी काही करावे, सुट्टीचे चार महिने किंवा उमेदीचे एखादे वर्ष द्यावे, जमल्यास परदेशातील छावणीत जाऊन राबावे, असे अनेक सुशिक्षित तरुणांना वाटू लागले आहे. काही वडीलधारी मंडळी ह्याला हसतात. 'गावात प्रश्न कमी आहेत काय?' असे विचारतात. हा प्रश्न विचारणारे गावातील प्रश्नांसाठीही फारसे काही करीत नसतात, असा अनुभव आहे. तेव्हा त्यांचा विचार फार करू नये. दूरच्या मुलाच्या दुःखाने ज्याची झोप उडते, त्याच्या मनाचे आरोग्य चांगले आहे असेच म्हटले पाहिजे. परंतु मन हेलावले एवढ्याने सेवा होत नाही. तरुण छावणीत जातो तेव्हा तो बरोबर काय नेतो आणि परत येतो तेव्हा मागे काय ठेवून येतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचेही कारण नाही.

जगाच्या दुःखाशी नाते जोडण्याची रीत खानदेशाला नवी नाही. १९३६ च्या डिसेंबरात तेव्हाच्या पूर्व खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. साने गुरुजींनी त्यासाठी अपार कष्ट घेतले होते. त्या मंडपात शेतसारा आणि कर्जाचे ओझे यांच्या जोडीने जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षीय भाषणात स्पेन आणि अबिसीनिया यांचाही विषय आला. सातपुड्याच्या पायथ्याशी बसलेल्या शेतकऱ्याला सांगितले गेले की, स्पेनमध्ये जे चालले आहे त्याचा तुझ्या स्वातंत्र्याशी संबंध आहे. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, काँग्रेसने जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. वय सत्तावीस वर्षांचे. यथावकाश इतर सहकारी परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, तिथल्या माणसांत मिसळले, शस्त्रक्रिया करीत आणि नवे डॉक्टर तयार करीत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे काम प्रामुख्याने जखमी सैनिकांत होते, निर्वासितांत नव्हे. पण परक्या भूमीत सेवेला जाणाऱ्याने काय न्यावे हे त्यांच्या उदाहरणावरून कळते. हातात कसब हवे, तिथली भाषा शिकण्याची तयारी हवी, आणि टिकून राहण्याची चिकाटी हवी. ह्या तिन्ही गोष्टी नसतील तर उरते ती सहल.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. १९३९ मध्ये पोलंडची फाळणी झाल्यावर सोव्हिएत सत्तेने लाखो पोलिश नागरिकांना सायबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकले. समाजवादाचे नाव घेणाऱ्या एका राजवटीने हे केले, ही गोष्ट समाजवाद्यांनी तरी कधी लपवू नये. हिटलरने रशियावर चाल केल्यानंतर ह्या लोकांची सुटका झाली, आणि उपासमारीने खंगलेली मुले, बाया, म्हातारी माणसे इराणमार्गे वाट फुटेल तिकडे निघाली. त्यांतील शेकडो मुलांना १९४२ मध्ये नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आसरा दिला. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. त्यांत बायका-मुलांचाच भरणा होता. त्या वेळी हिंदुस्थान स्वतः पारतंत्र्यात होता, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. असे असूनही पंचगंगेच्या खोऱ्यात ह्या परक्या मुलांना पाच वर्षे निर्धास्त झोप मिळाली.

वळिवड्याच्या वसाहतीची एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथील शाळांत मुले पोलिश भाषेतून शिकली. शिक्षक त्यांचे, सण त्यांचे, प्रार्थनामंदिर त्यांचे, बालवीर पथकेही त्यांचीच. कोणी त्यांना आपल्यासारखे करावयास निघाले नाही. आसरा देणाऱ्याने आसरा द्यावा, मुलाचे मूलपण आणि त्याची भाषा त्याच्याकडेच राहू द्यावी, हे तेथे साधले. १९४८ मध्ये वसाहत मोडली आणि ते लोक जगभर पांगले. पण म्हातारपणी ह्यांतील कित्येक जण कोल्हापूर पुन्हा पाहावयास आले. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, कोल्हापूरचे स्मारक उभे आहे. आणि त्या वसाहतीच्या रिकाम्या घरांत पुढे कोण आले? फाळणीने घरदार गमावलेले सिंधी निर्वासित. तेच गांधीनगर. जळगावची सिंधी कॉलनी ज्यांनी पाहिली आहे त्यांना निर्वासित म्हणजे कोण हे वेगळे सांगावयास नको. हातात एक गाठोडे घेऊन आलेली ती माणसे होती आणि त्यांची नातवंडे आज जळगावच्या बाजारपेठेत मानाने उभी आहेत.

कालाचे चक्रही कसे फिरते पाहा. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा लाखो युक्रेनी बायामुलांना पोलंडने दार उघडले. तिथे शिकणारे भारतीय विद्यार्थीही युद्धातून निसटून ज्या देशांच्या सीमांवर पोहोचले त्यांत पोलंड होता. आज यजमान असलेला उद्या दारात उभा असू शकतो. म्हणून निर्वासिताला मदत करणे हा उपकार मानू नये. मनुष्यजातीने एकमेकांत ठेवलेली ती उसनवारी आहे.

तिसरे उदाहरण १९७१ चे. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांनी त्या वर्षी सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्रिपुरासारख्या पंधरा लाख वस्तीच्या राज्यात जवळजवळ तितकेच निर्वासित उतरले. पावसाळ्यात छावण्यांत पटकीची साथ उसळली आणि पहिला बळी जाऊ लागला तो मुलांचा. पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यावयाच्या सलाईनचा साठा संपला. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवला, ते पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या आयाबहिणींच्या हाती पेले दिले. घोट घोट पाजत राहा, एवढीच सूचना. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ३.६ वर आले. पुढे ह्या साध्या उपायाने जगभर कोट्यवधी मुले वाचली. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पण त्यांनी शिकविलेला धडा कायमचा आहे. पदवी नसलेला माणूसही मूल वाचवू शकतो. मात्र त्याला नेमकी कृती शिकवलेली असली पाहिजे आणि ती त्याने न कंटाळता, दिवसरात्र, केली पाहिजे. स्वयंसेवकाच्या कामाची ह्याहून चांगली व्याख्या सापडणे कठीण आहे.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर निर्वासित साहाय्याचे पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. खेड्यातल्या माणसाने पाठविलेल्या लग्नाच्या निमंत्रणातूनही पाच पैसे त्या छावण्यांकडे गेले. जबाबदारी दानशूर शेठजींवर न सोडता सर्वांनी मिळून थोडी थोडी उचलावयाची, हा समाजवादी व्यवहार झाला. दुसरी गोष्ट जयप्रकाशांची. ते धान्याची पोती गोळा करीत बसले नाहीत. देशोदेशीच्या राजधान्यांत जाऊन त्यांनी विचारले की, ह्या लोकांना हाकलणाऱ्या सत्तेला शस्त्रे कोण पुरवितो? सप्टेंबरमध्ये त्यांनी दिल्लीत बांगलादेशविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. डिसेंबरात बांगलादेश मुक्त झाला आणि १९७२ च्या पहिल्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित परतले. औषधाने मूल जगले. ते घरी गेले ते राजकारणाने. जो तरुण फक्त पहिले काम करतो आणि दुसऱ्याकडे घाण म्हणून पाहतो, तो अर्धाच सेवक होय.

ही तीन उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे आजच्या स्वयंसेवेतील दोष सहज दिसू लागतात. जगात आता सेवेचा एक व्यापार उभा राहिला आहे. पैसे भरून आठ-पंधरा दिवस परदेशी जावे, छावणीतील किंवा अनाथालयातील मुलांबरोबर खेळावे, त्यांना कडेवर घेऊन छायाचित्रे काढावीत आणि परतावे. कंबोडियात तपासणी झाली तेव्हा असे दिसले की, अनाथालयांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून गरिबांची मुले घरापासून तोडून तेथे ठेवली जात होती. सेवेच्या नावाखाली अनाथ निर्माण करण्याचाच हा उद्योग. शिवाय ज्या मुलाने आधीच घर, शेजार, शाळा गमावली आहे, त्याला दर पंधरवड्याला नवा दादा किंवा ताई भेटते, लळा लावते आणि निघून जाते. प्रत्येक निरोपाने त्याची जुनी जखम उकलते. लहान मुलाच्या बाबतीत थोडे प्रेम हे कधी कधी प्रेम नसण्याहून अधिक दुखावते, हे सेवेला निघालेल्या तरुणाने मनावर कोरून ठेवावे.

मग बाहेरून जाणाऱ्याने काय करावे? रोहिंग्यांच्या छावण्यांकडे पाहावे. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून जीव घेऊन बांगलादेशात आले. १९७१ मध्ये ज्या भूमीतून माणसे परागंदा झाली, तीच भूमी आता दुसऱ्यांना आसरा देऊ लागली. कॉक्स बझारच्या त्या छावण्यांत रस्ते झाडणारे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारे, मुलांना गोळा करून शिकविणारे स्वयंसेवक बहुतांशी निर्वासितच आहेत. मुलांना तेथे बांगला भाषेतून शिकू दिले गेले नाही, आणि म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू व्हावयास २०२१ चा शेवट उजाडला. चार वर्षे मुलांना ना ह्या देशाची शाळा, ना त्या देशाची. २०२५ मध्ये परदेशी निधी आटल्याने अनेक शिक्षणकेंद्रे बंद पडली. बाहेरच्या तरुणाने तेथे जाऊन गाणी म्हणून दाखविण्यापेक्षा तेथल्याच शिक्षकाचा पगार चालू राहील, त्याला पुस्तके मिळतील, त्याचे प्रशिक्षण होईल, हे पाहणे शंभरपट मोलाचे आहे. ज्याला परिचारिकेचे, लेखापालाचे, नळजोडणीचे किंवा शिक्षकांना शिकविण्याचे काम येते, त्याने मागणी असेल तेथे वर्ष-दोन वर्षांसाठी अवश्य जावे. ज्याला यातले काही येत नाही त्याने आधी ते शिकावे.

हे शिकावयाचे कोठे? त्यासाठी विमानाच्या तिकिटाची गरज नाही. खानदेशातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे म्हातारी माणसे किंवा तीही नाहीत. मुले आईबापांबरोबर फडावर जातात आणि भर सत्रात शाळा सुटते. सातपुड्यातील पावरा-भिल्ल कुटुंबे केळीच्या मळ्यांत मजुरीसाठी उतरतात; त्यांच्या मुलांना शाळेतील मराठी कळत नाही आणि मास्तरांना त्यांची पावरी कळत नाही. ह्या माणसांना निर्वासित म्हणणे कायद्याने चुकीचे ठरेल, आणि त्यांच्या दुःखाची तुलना बॉम्बखाली सापडलेल्यांशी करण्याचेही कारण नाही. पण मुलाची गरज तीच आहे. त्याची नोंद कोणीतरी ठेवली पाहिजे, त्याची भाषा कोणीतरी समजून घेतली पाहिजे, आणि तो ज्या गावी जाईल तेथील शाळेचे दार उघडले आहे की नाही हे पाहिले पाहिजे. शिक्षण हमी कार्ड, हंगामी वसतिगृहे, साखरशाळा ह्या व्यवस्था कागदावर आहेत. त्या मुलापर्यंत पोहोचल्या काय, हे पाहणारा माणूस नाही. जो कार्यकर्ता एक हंगाम अशा पन्नास मुलांची यादी सांभाळून दाखवील, तो कोणत्याही देशाच्या छावणीत उपयोगी पडेल. ज्याला हे कंटाळवाणे वाटते, त्याला छावणीही महिन्याभरात कंटाळवाणी वाटेल.

आणखी एक काम केवळ राजकीय कार्यकर्त्याचेच आहे. एवढ्या निर्वासितांना आसरा दिलेल्या भारतात निर्वासितांसाठी कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, रोहिंग्यांना तिसरी, असा सरकारच्या मर्जीचा कारभार चालतो. २०१९ च्या नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीने तर तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट करून दिली आणि मुसलमानांना वगळले. पळून आलेल्या मुलाला त्याचा धर्म विचारून मग पाण्याचा पेला पुढे करावयाचा, ही वळिवड्याची रीत नव्हे आणि बनगावचीही नव्हे. भारतीय संविधानाने जीविताचा हक्क नागरिकांपुरता ठेवलेला नाही, तो प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. चकमांच्या प्रकरणी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही प्रत्येक बालकाचा उल्लेख करतो. तेव्हा निर्वासितांसाठी धर्मनिरपेक्ष कायदा व्हावा ही मागणी ग्रामसभेच्या ठरावापासून संसदेपर्यंत लावून धरली पाहिजे. परदेशातील छावणीत सेवा करून आलेला आणि स्वदेशात ह्या प्रश्नावर मूग गिळून बसलेला तरुण, ज्या मुलांना कडेवर घेऊन आला त्यांच्याशीच प्रतारणा करतो.

म्हणून प्रत्येक शाखेने ह्या वर्षी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या गावातून कामासाठी बाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या मुलांची यादी करावी आणि ती शाळेशी जोडून द्यावी. परदेशी सेवेला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला आधी एक हंगाम ह्या कामात घालावा. नंतर त्याला जे कसब येते त्याची जेथे मागणी असेल तेथे त्याने जावे, आणि शाखेने त्याच्या मागे उभे राहावे. आणि जो जाऊ शकत नाही त्याने १९७१ च्या पाच पैशांची आठवण ठेवून दरमहा काही रक्कम बाजूला काढावी. ती छायाचित्रे काढणाऱ्यांना न देता निर्वासितांच्या स्वतःच्या शाळेला मिळेल अशी व्यवस्था करावी.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. माहेरची वाट त्यांच्या मनात होती आणि ती सांगावयास त्यांच्याजवळ त्यांची बोली होती. १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली आणि एका खेड्यातल्या बाईचे मन साऱ्या महाराष्ट्राला कळले. आज कॉक्स बझारच्या एखाद्या झोपडीत, सुदानच्या सीमेवरील एखाद्या तंबूत, असेच मन असलेली मुलगी बसलेली असेल. तिला कोणी दयेने जवळ घ्यावे एवढीच तिची गरज नाही. तिला तिच्या भाषेतली शाळा हवी, पिण्याचे स्वच्छ पाणी हवे, आणि एक दिवस आपल्या गावी परतता येईल किंवा नव्या गावी हक्काने राहता येईल असा कायदा हवा. ज्या गावाने माहेर म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगितले, त्या असोद्यातील तरुणांनी ते मागणे आपले मानावे आणि कामाला लागावे.